मागे घेतलेली साक्ष

याकोब पत्रूजी दुर्गे खोटं बोलत नाही, हे वर्धा नदीकाठच्या त्या कोळसा खाणीत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा पाळीवर त्याचा डोळा लागला आणि पंप कोरडा चालून जळाला. दुसरा कोणी असता तर वायरिंगवर ढकलून मोकळा झाला असता. याकोब सकाळी स्वतः मॅनेजरसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी झोपलो होतो." आठ दिवस घरी बसावं लागलं. सोबतचे हसले. पण तेव्हापासून खाणीत कुठं वाद झाला की लोक म्हणायचे, "याकोबभाऊले विचारा, थो सांगन तेच खरं."

याकोबला हे आवडायचं. वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, जुनी मोटरसायकल, चर्चच्या पंचांमध्ये मिळालेली जागा या सगळ्यापेक्षा त्याला आपल्या शब्दाचा मान मोठा वाटायचा.

तो पंप खलाशी होता. उघड्या खाणीच्या तळाशी नदीचं, पावसाचं, जमिनीच्या पोटातलं पाणी सारखं साचत राहतं. ते उपसून वर फेकायचं काम त्याचं. नोकरी पक्की, कारण त्याच्या बापाची दोन एकर जमीन खाणीत गेली होती आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला काम मिळालं होतं. त्याच्या हाताखाली पाइप ओढायला झिंगू असायचा. झिंगू जिवतीच्या डोंगरातला, गोंड. गावात कोरडवाहू तीन एकर, वर खायला माणसं सात, म्हणून बायको कलाबाई आणि मुलगी रंजीताला घेऊन तो खाली खाणीवर आला होता. तो ठेकेदाराचा माणूस. दोघं एकाच कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे, एकाच डब्यातली तंबाखू मळायचे. याकोबनं पुढे तंबाखू सोडली, तेवढाच काय तो फरक पडला.

आणखी एक फरक होता, पण तो खाणीच्या तळाशी दिसायचा नाही. याकोबकडे मेडिकल कार्ड होतं. त्या कार्डावर त्याला, त्याच्या बायकोला एस्तेरला आणि मुलीला रूथला खाणीच्या दवाखान्यात सगळं मोफत होतं. झिंगूकडे कार्ड नव्हतं. ठेकेदारीच्या माणसांना कार्ड नसतं.

रंजीता नऊ वर्षांची असताना, भादव्यात, तिला ताप भरला. आधी घसा धरला, मग ताप, मग गुडघे सुजले. गुडघ्यांची सूज उतरली की मनगटं सुजायची. पोरीला पाणी प्यायला ग्लास धरवत नव्हता. कलाबाई तिला कडेवर घेऊन याकोबच्या दारात आली. नऊ वर्षांची पोर कडेवर, म्हणून तिचे पाय खाली लोंबत होते.

"याकोबभाऊ," कलाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "एक काम होतं जी तुमच्यापाशी."

"आत या नं, कलाबाई."

ती आत आली नाही. "तुमच्या कार्डावर रूथ हाये नं? त्याच्यावरचा तिचा फोटो लहानपनचा हाये. कोनाले कडत नाई. तुमच्या रूथच्या नावानं हिले एकडाव दाखवून आना. दोघी एकाच उमरच्या, एकाच अंगाच्या. तिथी डॉक्टर चांगला हाये म्हनते."

एस्तेर स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बाहेर आली होती. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "घेऊन जा नं जी. पोट्टीच तं हाये."

याकोबला उत्तर शोधावं लागलं नाही. ते त्याच्या तोंडात तयारच होतं. "कलाबाई, तुमाले मी दुसरं काई बी देतो. पन मले खोटं बोलाले सांगू नका. माह्या देवाले थे चालत नाई. तालुक्याच्या दवाखान्यात न्या. मी प्रार्थना करतो."

त्यानं तिथंच दारात रंजीताच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि चांगली लांब प्रार्थना केली. डोकं तव्यासारखं तापलं होतं. आमेन म्हणून त्यानं डोळे उघडले तेव्हा कलाबाईनं दोन्ही हात जोडले. मग ती पोरीला सावरत गेली. एस्तेर आत गेली आणि भांडी जरा जोरानं वाजली.

पुढचं याकोबला तुकड्यातुकड्यानं झिंगूकडून कळलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागेल, ते इथं आलेलं नाही, चंद्रपूरला जा. कलाबाई दोनदा चंद्रपूरला गेली. दुसऱ्या खेपेहून परतली तर ती जायची त्या मजुरीच्या कामावर मुकादमानं तिच्या जागी दुसरी बाई लावली होती. तिसऱ्या खेपेआधीच पोरीची सूज गेली, ताप गेला, ती उड्या मारायला लागली. मग जायचं कशाला?

"तुमच्या प्रार्थनेनं उतरला ताप, भाऊ," झिंगू पाइप खांद्यावर घेत म्हणाला. "आमच्या पेनालेबी, आमच्या गोंडायच्या देवाले, कोंबडा देला होता. पन कलाबाई म्हनते, भाऊचा हातच लागला."

याकोब म्हणाला, "माह्या हाताचं काई नाई, झिंगू. देवाची कृपा." पण त्या दिवशी वर चढून येताना त्याची छाती भरून आली होती.

नोव्हेंबरात चर्चमध्ये कापणीचा सण झाला. कोणी धानाच्या लोंब्या आणल्या, कोणी भोपळे, कोणी कोंबडी. पाळक गुणवंतरावांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? याकोब उठला. त्यानं सांगितलं की एक बाई आपल्याकडे आली, लबाडी करायला सांगू लागली. पोरीची दया येत होती, बायकोनंही गळ घातली होती. पण प्रभूनं मला मोहातून सोडवलं. मी खोट्याला नाही म्हणालो आणि प्रार्थनेला हो म्हणालो. आणि त्या लेकराला देवानं बरं केलं. खोट्या नावानं नव्हे, येशूच्या नावानं.

मंडळी म्हणाली, "हालेलुया!" टाळ्या वाजल्या. एका म्हातारीनं येऊन त्याचे हात हातात घेतले. बाहेर निघताना एस्तेर त्याच्यापुढे दहा पावलं चालत होती.

त्याच हिवाळ्यात युनियनची सभा झाली. ठेकेदारी मजुरांकडून हेमराज नावाचा एक तरणा माणूस बोलायला आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. खाणीची धूळ सगळ्यांच्या छातीत जाते, तर खाणीचा दवाखाना ठेकेदारीवाल्यांना आणि आजूबाजूच्या गावांनाही उघडा पाहिजे. युनियननं मॅनेजमेंटकडे ही मागणी लावावी. मागून कोणी ओरडलं, "आपल्याच लोकाइले दोन-दोन तास लाइनीत रावा लागते!" हात वर करायला सांगितलं तेव्हा पक्क्या कामगारांतले चार हात वर गेले. याकोबचा त्यात नव्हता. त्यानं विरोधात काही म्हटलं नाही. तो पायातली चप्पल पाहत बसला. घरी जाताना त्याच्या मनात सभेचा विचारही आला नाही, रात्रपाळीला कोणता पंप लावायचा याचाच आला.

दोन वर्षं गेली.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाआधी पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. रंजीता दुसऱ्या फेरीत खाली बसली आणि उठेचना. ओठ निळे पडले होते. झिंगू तेव्हा खाणीत होता. निरोप आला तसा याकोब त्याला घेऊन वर आला, वसाहतीतल्या एकाची जीप मागितली आणि कलाबाई, झिंगू, रंजीता यांना घेऊन स्वतः चंद्रपूरला निघाला. पोरगी मागच्या सीटवर आईला टेकून बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं, आडवी झाली की श्वास अडकायचा. बाहेर रस्त्यावर शाळेची पोरं हातात कागदी झेंडे घेऊन घरी चालली होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रंजीताच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मशीनवर हृदय पाहिलं. मग टेबलामागे बसून विचारलं, "हिला आधी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का?"

"हो जी," कलाबाई म्हणाली. "दोन वर्सं झाले."

"तेव्हा इंजेक्शन सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं. दोन घेतले."

"मग थांबवलं का?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण थकलेला होता. "तो ताप सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो. सूज आपोआप उतरते. लोकांना वाटतं बरं झालं. आत झडप खराब होत राहते. ही इंजेक्शनं चालू राहिली असती तर कदाचित हे टळलं असतं. का थांबवलं?"

कलाबाईनं याकोबकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती त्याला मान देत होती, बोलण्यात भाऊला पुढे करत होती.

"बरी झाली होती जी पोट्टी," ती म्हणाली. "या भाऊनं प्रार्थना केली होती नं."

डॉक्टरीणबाईंनी याकोबकडे पाहिलं. "तुम्ही कोण हिचे?"

झिंगू भिंतीला टेकून उभा होता, अंगावर अजून खाणीचा चिखल. खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"शेजारी," याकोब म्हणाला.

बाईंनी कागदावर लिहायला घेतलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तो बाहेर व्हरांड्यात आला आणि एका खांबामागे उभा राहिला, कारण कलाबाई बाहेर येऊन पुन्हा हात जोडील, जीपचे उपकार मानील, ही भीती त्याला वाटत होती. आणि ती आली, आणि तिनं तसंच केलं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. एस्तेरला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुमाले एक गोष्ट सांगतो. त्या साली रूथचे म्हनून मी दवाखान्यातून तापाच्या गोळ्या आनत होती. रूथले काई नोहोतं. त्या मी रंजीताले देत होती."

"तू खोटं बोलली?"

"बोलली. तीनदा." तिनं सूप बाजूला ठेवलं. "गोळ्यायनं काई झालं नाई, थे मले आता समजलं. सुई पायजे होती. मले तेवढी अक्कल असती तं सुईसाठीबी बोलली असती. मले त्याची लाज नाई वाटत. तुमी मले चर्चमंदी उभं करून विचारा, तरी नाई वाटत. तुमच्या त्या साक्षीची मले लाज वाटली. आजबी वाटते."

इतकी वर्षं एका घरात राहून याकोबला हे माहीत नव्हतं.

त्याला त्या दिवसांत बाप फार आठवला. पत्रूजी मूल तालुक्यातल्या एका खेड्यातला. विशीत त्याच्या अंगावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली. गावानं त्याला तळ्याच्या पाळीवर झोपडी घालून दिली आणि भाकर लांबून ठेवली जाऊ लागली. तिथून कोणीतरी त्याला एका मिशनच्या दवाखान्यात पोचवलं. म्हातारपणी पत्रूजी ही गोष्ट सांगायचा तेव्हा त्यात देवाचं नाव फार उशिरा यायचं. "थे मिशनची बाई खाली बसली," तो सांगायचा, "अन् माह्या पायाले हात लावला. जखम धुतली. माह्या मायनं सहा मयने मले हात लावला नोहोता." अकरा महिने तो तिथं राहिला. बरा होऊन निघायच्या आधी त्यानं विचारलं की तुमचा देव कोणता? तोवर त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. मग तो गावी परतला नाही, वर्धेकाठी येऊन राहिला आणि तिथंच त्यानं ती दोन एकर जमीन केली.

याकोबनं ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल. मीठ-भाकरीसारखी ती घरात होती. आणि कलाबाई उंबऱ्याबाहेर उभी असताना ती त्याला आठवली नव्हती.

पुढच्या रविवारी चर्चमधली पोरांची शब्बाथ शाळा त्याच्याकडे होती. वसाहतीतली बारा-तेरा पोरं. धडा होता पक्षाघाती माणसाचा. चार मित्र त्याला खाटेवर घालून येशूकडे आणतात, दाराशी गर्दी असते, आत जाता येत नाही, म्हणून ते घराचं छप्पर उघडतात आणि खाट वरून खाली सोडतात. याकोबनं ही गोष्ट वीस वर्षं शिकवली होती. त्यानं नेहमीसारखा प्रश्न विचारला, मित्रांचा विश्वास कसा होता?

रूथनं हात वर केला. "बाबा, थे छप्पर कोनाचं होतं?"

"असंन कोनाचंतरी. घरमालकाचं."

"मंग त्याले विचारलं होतं का त्यायनं?"

पोरं हसली. याकोब हसला नाही. "नाई लिवलं," तो म्हणाला.

"अन् येशू त्याइच्यावर रागावला?"

"नाई."

त्याला पुढचा धडा घेता येईना. त्यानं पोरांना गाणं म्हणायला लावलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. छप्पर फोडणं चूक की बरोबर, याचा विचार तो करत नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की दार बंद होतं म्हणून ते चौघं घरी गेले नव्हते. खोटं बोलायचं नव्हतं, ठीक. पण त्या दिवशी तो रजा टाकून पोरीला मोटरसायकलवर चंद्रपूरला नेऊ शकत होता. खाणीच्या डॉक्टरसमोर खऱ्या नावानं तिला उभं करून भांडू शकत होता. मुकादमाला सांगू शकत होता की या बाईची जागा ठेव. सभेत हात वर करू शकत होता, त्याला तर बसल्या जागेवरून उठायचीही गरज नव्हती. त्यानं यातलं एकही केलं नाही. त्यानं नाही म्हटलं, आमेन म्हटलं आणि दार लावलं. वरून त्याच्या टाळ्या घेतल्या.

संध्याकाळी तो गुणवंतरावांकडे गेला. पाळकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "याकोबभाऊ, मनातल्या मनात देवाकडे क्षमा मागा. मंडळीपुढे कशाला? लोकांच्या विश्वासाला धक्का लागेल."

"साक्ष मी मनातल्या मनात नोहोती देली जी," याकोब म्हणाला.

गुणवंतराव म्हणाले, "मीही त्या दिवशी टाळी वाजवली होती. उभे राहा तुम्ही."

त्याच्या पुढच्या रविवारी अर्पणाच्या गाण्यानंतर याकोब उभा राहिला. सभेत, पाळीवर, कुठंही न अडखळणारा माणूस, पण त्याचे हात पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून होते.

"कापनीच्या सनाले मी इथी एक साक्ष देली होती," तो म्हणाला. "थे मी वापस घेतो. थे पोट्टी बरी नोहोती झाली. तिचं हृदय खराब झालं. नागपूरले ऑपरेशन करा लागन म्हनते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् तिची सुई सुटली. देवानं काई केलं नाई असं मी म्हनत नाई. देवानं तिले माह्या दारात आनलं होतं. मी देवाचं नाव घेऊन दार लावलं."

पंचांपैकी खुशाल मास्तर हळूच म्हणाले, "झालं भाऊ, बसा आता."

"होते थोडं अजून. माह्या बापाचे पाय कोनी धुतले, तुमाले सगळ्याइले मालूम हाये. त्याले तिथी कोनी कार्ड मांगतलं नाई. थो आजारी होता, एवढंच त्याचं कार्ड. आपल्यातल्या सत्तावीस घराइपाशी खानीचं कार्ड हाये. झिंगू माह्याच पान्यात उभा रायते, त्याच्यापाशी नाई. हे मले वीस वर्सं दिसत होतं. मले वाटे, ज्याचं-त्याचं नशीब. आता मले वाटते, माह्या लेकरासाठी जे दार उघडते, थे त्याच्या लेकरासाठी बंद असंन, तं मी त्या दाराच्या आत बसून देवाचे उपकार कसे मानू? खानीच्या दवाखान्याचं दार सगळ्याइले उघडा, अन् तालुक्याच्या दवाखान्यात थे सुई ठेवा, असा अर्ज लिवला हाये. बाहेर टेबलावर हाये. ज्याले सही करा वाटन त्यानं करावी."

टाळ्या वाजल्या नाहीत, हालेलुया झालं नाही. लोक उठले तेव्हा बरेच जण दुसऱ्या दारानं गेले. टेबलाजवळून गेलेल्यांत काहींनी सही केली. गुणवंतरावांनी केली. ज्या म्हातारीनं दोन वर्षांपूर्वी त्याचे हात हातात घेतले होते, तिनं अंगठा लावला आणि याकोबकडे न पाहता गेली. सत्तावीस घरांतून अकरा सह्या झाल्या.

युनियनमध्ये तर सरळ टिंगल झाली. याकोब हेमराजच्या शेजारी उभा राहून बोलला तेव्हा मागून आवाज आला, "चर्च इथी नोको आनू बाबा!" दुसरा म्हणाला, "तुह्या पोरीले लाइनीत उभी ठेव मंग, गोंडायच्या मागं." याकोब म्हणाला, "ठेवतो. तुमी डॉक्टर वाढवा म्हना, म्हन्जे कोनालेच राहा लागत नाई." हात वर करायला लावले. यावेळी एकोणीस झाले. मागणी पास झाली नाही. हेमराज त्याला म्हणाला, "भाऊ, दोन वर्सं आधी आले असते तं." आणि मग आपणच ओशाळून म्हणाला, "जाऊ द्या. आले नं."

रंजीताचं ऑपरेशन नागपूरला सरकारी योजनेतून झालं, पण त्याआधी कागद जमवायला पाच महिने गेले. रेशनकार्ड जिवतीच्या गावाचं, त्यात पोरीचं नाव वेगळं लिहिलेलं. याकोबनं सगळी रजा त्यात घातली. झिंगूबरोबर तो जिवतीला तीनदा गेला, दोन ठिकाणी रांगेत उभा राहिला आणि कोणी विचारलं की तुम्ही कोण, तर 'शेजारी' हा शब्दही आता त्याला उच्चारवत नव्हता. "सोबत आहे," एवढंच तो म्हणायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी रंजीता पलंगावर बसून संत्री सोलत होती. अकरा वर्षांची, पण हात काड्यांसारखे. ती म्हणाली, "काका, प्रार्थना नाई करत का?"

याकोबनं कलाबाईकडे पाहिलं. कलाबाई म्हणाली, "करा नं भाऊ. आमी आमच्या देवालेबी सांगतलं हाये."

तो जवळ गेला. डोक्यावर हात ठेवायला त्याचा हात उचललाच गेला नाही. पलंगाच्या लोखंडी दांडीवर हात ठेवून त्यानं डोळे मिटले. शब्द आले नाहीत. तो तसाच उभा राहिला. बराच वेळ झाल्यावर रंजीतानंच आमेन म्हटलं, कारण तिला वाटलं झालं असेल.

ऑपरेशन चांगलं झालं. पोरगी वाचली. पण तिला धावता येणार नाही, आणि चाळिशीपर्यंत दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागेल. अर्ज, सह्या आणि हेमराजचे खेटे यांचं एक फळ मिळालं. तालुक्याच्या दवाखान्यात ते इंजेक्शन येऊ लागलं, बहुतेक वेळा असतं. खाणीच्या दवाखान्याचा कागद अजून वर कुठंतरी आहे. गुणवंतरावांनी एकदा सुचवलं की आता देवाचे आभार मानणारी एक साक्ष द्या. याकोब म्हणाला, "रंजीता देईन, तिले वाटलं तं." तो आता पंचांत बसत नाही. कोणी काढलं नाही, तोच उठला.

गेल्या पावसाळ्यात पाइप घसरून झिंगूचा तळहात फाटला. मुकादम म्हणाला, ठेकेदाराची गाडी येईल, थांब. याकोबनं गाडीची वाट पाहिली नाही. हाताला दुपट्टा गुंडाळून तो झिंगूला खाणीच्या दवाखान्यात घेऊन गेला. ड्रेसिंगच्या खोलीत बाक रिकामा होता. झिंगू दाराशी चपला काढून फरशीवर बसला.

"वर बस," याकोब म्हणाला.

"नाई जी, कपडे भरले हायेत. बाक खराब होईन."

याकोबचेही कपडे तितकेच भरले होते. तो बाकावर बसला होता.

ड्रेसर भला माणूस होता. जखम पाहून तो म्हणाला, "टाके लागतील. कार्ड?"

"नाई हाये. हा ठेकेदारीचा हाये. नाव झिंगू. झिंगू लिवा, अन् टाके घाला. डॉक्टरले बोलवा, मी बोलतो त्याइच्याशी."

ड्रेसरनं दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला. "कशाला भाऊ वाद? तुमच्या नावावर टाकतो. तुमचा हात म्हणतो. दोन मिनिटांत काम."

"माह्या नावावर नाई. याचं नाव लिवा."

"याचं नाव लिहिलं तर मला धागा मिळत नाही."

फरशीवर रक्ताचे थेंब पडत होते आणि झिंगू दुसऱ्या हातानं ते पुसत होता, फरशी खराब होऊ नये म्हणून. शेवटी ड्रेसरनं वही मिटून बाजूला सारली, कपाटातून सुई-धागा काढला आणि काही न लिहिताच टाके घातले. सात टाके पडले. झिंगूनं एकदाही आवाज केला नाही. उठताना त्यानं ड्रेसरला हात जोडले, मग याकोबला जोडले.

"मले नोको रे," याकोब म्हणाला.

पण तोवर झिंगू बाहेर जाऊन चपला घालत होता.